शेतीच्या वहीत नेमक्या ओळीवर नेणारी लिंक कशी करायची

ऑगस्टमध्ये पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणीची वेळ येते आणि प्रश्न पडतो: मागच्या साली नाल्याकाठच्या वावरात याच दिवसांत काय मारलं होतं, किती प्रमाणात, आणि त्यानं कीड आटोक्यात आली होती का? नोंदी ठेवणाऱ्याकडे याचं उत्तर असतं, पण ते चार-पाचशे ओळींच्या फाइलमध्ये कुठेतरी दडलेलं असतं. पाठीवर पंप घेऊन धुऱ्यावर उभा राहिलेला माणूस मोबाईलवर तेवढं खालीवर करत बसत नाही. आठवेल ते तो मारतो, नाहीतर दुकानदार सांगेल ते आणतो. लिहिलेलं कामाच्या वेळी हाताशी आलं नाही, तर लिहिण्याची मेहनत वाया गेली.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. एका फाइलमधून दुसऱ्या फाइलच्या नेमक्या जागी नेणारी लिंक करता येते: एखाद्या मथळ्यावर, एखाद्या परिच्छेदावर, अगदी एका ओळीवरसुद्धा. कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिणारे हे रोज करतात. शेतीच्या नोंदी, बचत गटाचं इतिवृत्त किंवा ग्रामसभेचे ठराव सांभाळणाऱ्यालाही ते तितकंच लागतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लिंक ओळीच्या क्रमांकावर करायची नाही, नावावर करायची. ‘फाइलमधली २१४ वी ओळ’ हा पत्ता म्हणजे ‘रस्त्यानं गेलं की सातवं घर’ असं सांगण्यासारखं आहे. मध्ये एक घर बांधलं गेलं की पाहुणा भलत्याच दारात जातो. शेतीच्या वहीत तर वरच्या भागात भर पडतच राहते. म्हणून ज्या जागेवर पुन्हा यायचं आहे तिला नाव द्या आणि लिंक त्या नावावर करा.

या लेखातली सगळी उदाहरणं देवनागरीत लिहिली आहेत. जिथे इंग्रजी अक्षरं टाकल्याशिवाय चालतच नाही, तिथे तसं सांगितलं आहे.

## कुठे लिहायचं

मी ऑब्सिडियन हे नोंदी लिहायचं अ‍ॅप सुचवतो. ते फोनवर आणि कॉम्प्युटरवर फुकट मिळतं. फेब्रुवारी २०२५ पासून धंद्याच्या कामासाठी वापरलं तरी परवाना विकत घेण्याची सक्ती नाही. फुकट असण्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की तुमच्या फाइली तुमच्याच फोनमध्ये राहतात. वावरात रेंज नसली, गावात लाईट गेली, तरी वही उघडते. शिवाय त्या फाइली साध्या मजकुराच्या असतात, मार्कडाउन नावाच्या पद्धतीनं लिहिलेल्या. ही पद्धत जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये काढली आणि आज असंख्य एडिटरांना, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रामांना, ती समजते. उद्या ऑब्सिडियन बंद पडलं तरी तुमचा मजकूर दुसऱ्या कुठल्याही एडिटरमध्ये जसाच्या तसा वाचता येईल. वीस-पंचवीस वर्षं चालवायच्या नोंदींसाठी ही खात्री हवीच.

अ‍ॅप उघडल्यावर ते नवीन व्हॉल्ट करायला सांगतं. व्हॉल्ट म्हणजे एक साधं फोल्डर. त्याला ‘शेती’ नाव द्या. अँड्रॉइड फोनवर ते कुठे ठेवायचं हे विचारलं जातं तेव्हा ‘डिव्हाइस स्टोरेज’ निवडा. ‘अ‍ॅप स्टोरेज’ निवडलं आणि कधी अ‍ॅप काढून टाकलं, तर त्याच्यासोबत वहीही जाते.

मग सेटिंग्जमध्ये ‘फाइल्स अँड लिंक्स’ या भागात जा. ‘ऑटोमॅटिकली अपडेट इंटर्नल लिंक्स’ चालू करा आणि ‘यूज विकिलिंक्स’ चालू आहे ना ते बघा. पहिल्यामुळे फाइलचं नाव बदललं की तिच्याकडे येणाऱ्या लिंक आपोआप दुरुस्त होतात. दुसऱ्यामुळे दोन चौकोनी कंसांची सोपी पद्धत वापरता येते.

## फाइली आणि मथळे कसे पाडायचे

नेमक्या जागेवर लिंक करायची तर ती जागा आधी वेगळी दिसली पाहिजे. सलग लिहीत गेलेल्या मजकुरात लिंक करण्यासारखं काहीच नसतं, म्हणून अर्धं काम मथळ्यांचंच आहे.

माझं मत असं, की प्रत्येक वावराची एक फाइल करावी. वर्षाची फाइल केली तर एकाच फाइलमध्ये कापूस, तूर, सोयाबीन आणि तीन वावरं कोंबली जातात. प्रश्न मात्र कायम वावराला धरूनच येतो: ‘त्या वावरात काय केलं होतं?’ फाइलला तेच नाव द्या जे घरात बोललं जातं. विहिरीचं वावर, नाल्याकाठचं वावर, देवळामागचं वावर. गट नंबर फाइलच्या आत पहिल्या ओळीत लिहून ठेवा.

फाइलच्या नावात किंवा मथळ्यात काही चिन्हं टाळायची असतात, कारण लिंकमध्ये त्यांना वेगळं काम आहे: हॅश (#), टोपीचं चिन्ह (^), उभी रेघ (|), विसर्गासारखं दिसणारं कोलन (:) आणि चौकोनी कंस. फाइलच्या नावात तिरपी रेघही चालत नाही. म्हणून ‘७/१२’ असं फाइलचं नाव देता येणार नाही. ‘सातबारा’ असं अक्षरांत लिहा.

आतली मांडणी अशी ठेवा:

```
# नाल्याकाठचं वावर

## साल २०२४
### पेरणी २०२४
### डवरणी २०२४
### फवारणी २०२४
### वेचणी २०२४

## साल २०२५
### पेरणी २०२५
### डवरणी २०२५
### फवारणी २०२५
```

ओळीच्या सुरुवातीला हॅश, मग एक मोकळी जागा, मग नाव. एक हॅश म्हणजे सगळ्यात मोठा मथळा, तीन म्हणजे त्याच्या आतला लहान.

प्रत्येक मथळ्यात साल पुन्हा लिहिलेलं दिसतंय ना, ते मुद्दाम आहे. फक्त ‘फवारणी’ एवढाच मथळा प्रत्येक सालाखाली ठेवला, तर एका फाइलमध्ये चार ‘फवारणी’ होतात आणि ‘फवारणी’वर केलेली लिंक पहिल्या फवारणीवर जाऊन थांबते. ऑब्सिडियनमध्ये आधी सालाचा मथळा आणि मग कामाचा मथळा, असे दोन हॅश वापरून लिंक करता येते. पण ही सोय सगळ्या एडिटरांत नाही. नावच एकमेव ठेवलं की प्रश्नच उरत नाही. सुरुवातीला ते जास्तीचं वाटतं, चौथ्या सालापासून त्याची किंमत कळते.

## मथळ्यावर लिंक

आता दुसरी एक फाइल उघडा, समजा ‘पऱ्हाटी ऑगस्ट’. या फाइलमध्ये ऑगस्टच्या कामांची यादी आहे आणि तिथून मागच्या फवारणीवर जायचं आहे.

दोन चौकोनी कंस उघडा. फोनवर कीबोर्डच्या वर जी बटनांची पट्टी येते तिच्यात त्याचं बटन असतं. कंस उघडताच फाइलींची यादी दिसते. ‘नाल्या’ एवढं टाकलं की पुरेसं होतं. फाइल निवडा, पण पुढे जाऊ नका. नावाच्या लगेच पुढे, कंसाच्या आतच, मोकळी जागा न सोडता, हॅश टाका. आता त्या फाइलमधल्या मथळ्यांची यादी येते. हवा तो निवडा. तयार होतं ते असं:

```
[[नाल्याकाठचं वावर#फवारणी २०२४]]
```

त्यावर बोट ठेवलं की फाइल थेट त्या मथळ्यावर उघडते. कॉम्प्युटरवर लिहिण्याच्या अवस्थेत असाल तर कंट्रोल दाबून क्लिक केलं की नवीन टॅबमध्ये उघडते.

मथळा कोणत्या फाइलमध्ये आहे तेच आठवत नसेल, तर कंस उघडून लागोपाठ दोन हॅश टाका. मग अख्ख्या वहीतल्या मथळ्यांत शोध होतो. फाइली वाढल्यावर मी बहुतेक वेळा याच वाटेनं जातो.

त्याच फाइलच्या दुसऱ्या भागावर जायचं असेल तर फाइलचं नाव लागत नाही, कंसात सरळ हॅशनं सुरुवात करा:

```
[[#वेचणी २०२४]]
```

लांबलचक पत्ता वाचायला बरा दिसत नसेल तर शेवटी उभी रेघ मारून हवे ते शब्द लिहा; वाचताना फक्त तेच दिसतील:

```
[[नाल्याकाठचं वावर#फवारणी २०२४|२०२४ ची फवारणी]]
```

इथे ‘मागच्या सालची फवारणी’ असं लिहू नका. पुढच्या साली ती मागची राहणार नाही आणि वाचणारा चुकीच्या वर्षाचं प्रमाण उचलेल. आणखी एक: अशी लिंक तक्त्यात टाकायची असेल तर उभ्या रेघेच्या आधी उलटी तिरपी रेघ (\) द्यावी लागते, नाहीतर तक्त्याला वाटतं की रकाना संपला.

## देवनागरीत लिंक का तुटते

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा, कारण इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनात तो सापडत नाही.

‘पऱ्हाटी’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्ह’ दोन तऱ्हेनं टाइप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी खालच्या टिंबाचा वेगळा ‘ऱ’ वापरतात. काही कीबोर्ड साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. तुम्ही फोनवर ‘पऱ्हाटी २०२४’ असा मथळा केला आणि मुलानं कॉम्प्युटरवर त्याच मथळ्याची लिंक हातानं टाइप केली, तर लिंक उघडणार नाही आणि कारणही दिसणार नाही. ‘शेतकऱ्यांची’, ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यानं’ या सगळ्या शब्दांत हीच अडचण दडलेली आहे.

आकड्यांचंही तेच. ‘२०२४’ देवनागरी आकड्यांत लिहिलं आणि लिंकमध्ये इंग्रजी आकडे टाकले तर जुळत नाही. शेवटी राहिलेली मोकळी जागा, ‘सोयाबीन’ आणि ‘सोयाबिन’ अशी ऱ्हस्व-दीर्घाची फारकत, ‘पंप’ आणि ‘पम्प’, हे सगळे यंत्राला वेगळे शब्द वाटतात.

यावर मी तीन गोष्टी पाळायला सांगेन. लिंक कधीही पूर्ण टाइप करायची नाही. दोन-तीन अक्षरं टाकून यादीतून निवडायची, म्हणजे मथळा जसा लिहिला गेला आहे तस्साच उचलला जातो. यादीत नाव येत नसेल तर समजा की अक्षरांत फरक आहे, आणि फाइल उघडून मथळाच कॉपी करून आणा. दुसरी गोष्ट, आकडे देवनागरीत की इंग्रजीत हे घरात एकदाच ठरवा आणि सगळ्यांनी तसंच लिहा. तिसरी, जमलं तर मथळ्यात असे अडचणीचे शब्द टाळा. मजकुरात ‘पऱ्हाटी’ खुशाल लिहा, मथळ्याला ‘कापूस’ ठेवा. बोलीतला शब्द सोडायला मन होत नाही हे मला समजतं. मी स्वतः फाइलच्या नावात ‘पऱ्हाटी’ ठेवतो, पण मग लिंक यादीतूनच निवडतो, हातानं कधीच लिहीत नाही.

## एका ओळीवर लिंक

मथळ्यापर्यंत पोचणं नेहमी पुरेसं नसतं. कधीकधी एकच वाक्य हवं असतं. उदाहरणार्थ, गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यांचा (मादीच्या गंधानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यांचा) ठोकताळा: सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात रोज ८ पतंग आले तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं धरतात आणि उपाय सुरू करतात. हे वाक्य ‘कीड’ नावाच्या फाइलमध्ये एकदा लिहिलेलं असावं आणि प्रत्येक वावराच्या फाइलमधून थेट त्याच वाक्यावर जाता यावं.

ऑब्सिडियनमध्ये परिच्छेदाला किंवा यादीतल्या एका मुद्द्याला ब्लॉक म्हणतात आणि ब्लॉकवर लिंक करता येते. कंस उघडा, फाइल निवडा, हॅश टाका आणि लगेच टोपीचं चिन्ह टाका. त्या फाइलमधले सगळे परिच्छेद यादीत दिसतात. त्यातला एखादा शब्द टाकला की यादी आक्रसते. हवा तो निवडा. निवडताच दोन गोष्टी घडतात: तुमच्या फाइलमध्ये लिंक तयार होते आणि मूळ परिच्छेदाच्या शेवटी टोपीचं चिन्ह आणि इंग्रजी अक्षर-आकड्यांचा एक छोटा गठ्ठा आपोआप लिहिला जातो. तो त्या ओळीचा शिक्का आहे. कचरा समजून तो कुणी पुसला की लिंक तुटली. घरात दुसरं कुणी फाइल हाताळत असेल तर हे आधीच सांगून ठेवा.

आपोआप आलेला शिक्का वाचून काहीच कळत नाही, म्हणून महत्त्वाच्या ओळींना मी शिक्का हातानं देतो:

```
सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात रोज ८ पतंग आले तर उपाय सुरू करायचा. ^ओळखनाव
```

‘ओळखनाव’च्या जागी फक्त इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे आणि आडवी रेघ चालते. देवनागरी चालत नाही, मोकळी जागाही चालत नाही. ‘बोंडअळी’ आणि ‘सापळा’ हे शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये आडवी रेघ, असं लिहिलं की पुढे कुणालाही अर्थ लागतो. वाक्य आणि टोपीचं चिन्ह यांच्यामध्ये एक मोकळी जागा हवीच. लिंक मग अशी होते:

```
[[कीड#^ओळखनाव]]
```

अख्ख्या तक्त्याला किंवा अख्ख्या यादीला शिक्का द्यायचा असेल तर तो शेवटच्या ओळीला चिकटवू नका. खाली स्वतंत्र ओळीवर लिहा आणि त्याच्या वर-खाली एकेक रिकामी ओळ सोडा.

ब्लॉकची ही सोय ऑब्सिडियनची स्वतःची आहे, मार्कडाउनची नाही. दुसऱ्या एडिटरमध्ये फाइल उघडली तर शिक्का नुसता मजकूर म्हणून दिसेल. म्हणून सगळीकडे ब्लॉक वापरू नका. मथळा देता येत असेल तिथे मथळाच द्या.

## मूळ ओळ इथेच दिसू द्या

लिंकच्या आधी उद्गारचिन्ह लावलं, की तिकडचा मजकूर इकडेच दिसतो:

```
![[कीड#^ओळखनाव]]
![[नाल्याकाठचं वावर#फवारणी २०२४]]
```

पहिल्या ओळीनं तो एकच परिच्छेद दिसतो, दुसरीनं त्या मथळ्याखालचा सगळा भाग. मजकूर कॉपी झालेला नसतो. मूळ जागी सुधारणा केली की जिथे जिथे तो ओढून आणलाय तिथे सगळीकडे सुधारलेलाच दिसतो. ‘पऱ्हाटी ऑगस्ट’ या एका फाइलमध्ये सापळ्याचा ठोकताळा, तीन वावरांच्या मागच्या फवारण्या आणि डवरणीची नोंद असं ओढून ठेवलं, की धुऱ्यावर तेवढी एकच फाइल उघडावी लागते.

ओढायचं काय आणि उतरवून ठेवायचं काय, यात मात्र विवेक हवा. सगळीकडे जो नियम एकच लागतो, तो ओढा. त्या दिवसापुरतं जे खरं होतं, ते त्या दिवसाच्या नोंदीतच लिहा. कापूस विकला त्या दिवशीचा भाव, मजुरीचा दर, खताच्या बॅगेची किंमत अशा गोष्टी एका ‘भाव’ फाइलमधून ओढल्या, तर पुढच्या साली तिथला आकडा बदलताच जुना हिशेबही बदललेला दिसेल. हिशेबाच्या वहीत असं होता कामा नये.

## औषधाच्या माहितीपत्रकाच्या पानावर

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे जीव गेले. तेव्हापासून मला वाटतं, फवारणीच्या प्रत्येक नोंदीतून त्या औषधाच्या माहितीपत्रकावर लिंक असावीच, आणि तीही विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार आणि विषावरचा उतारा छापलेल्या पानावर. बारीक अक्षरांचं ते पत्रक डब्यासोबत येतं आणि वावरातच पडून राहतं. दवाखान्यात डॉक्टर पहिल्यांदा विचारतात की मारलं काय होतं. फोनमध्ये ते पान असेल तर उत्तराला वेळ जात नाही.

पत्रकाची पीडीएफ असेल तर ती ‘शेती’ फोल्डरमध्ये टाका. नसेल तर फोनच्या स्कॅन करणाऱ्या अ‍ॅपनं पत्रकाची आणि डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाची पीडीएफ करा. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. आता नेहमीसारखी लिंक करा, आणि फाइलच्या नावानंतर हॅश, इंग्रजीत ‘पेज’, बरोबरचं चिन्ह आणि पानाचा इंग्रजी आकडा लिहा:

```
[[औषध पत्रक.पीडीएफ#पेज=३]]
```

‘पीडीएफ’, ‘पेज’ आणि आकडा प्रत्यक्षात इंग्रजीत हवेत. पानाचा क्रमांक फाइलमधला धरायचा, कागदावर छापलेला नव्हे. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका मोजली गेल्यामुळे छापील पान १२ हे फाइलमध्ये १६ वं असू शकतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची पुस्तिका फाइल म्हणून ठेवली असेल, तर तिच्यातल्या पानांवरही अशीच लिंक होते. ग्रामसभेचं काम पाहणाऱ्यांना कायद्याच्या किंवा शासन निर्णयाच्या पीडीएफमधलं नेमकं पान ठरावाशी जोडायला हीच वाट उपयोगी पडते. कॉम्प्युटरवर तर पीडीएफमधला मजकूर निवडून उजवी क्लिक केली की त्या निवडलेल्या वाक्याचीच लिंक कॉपी करता येते.

## नाव बदलायचं झालं तर

फाइलचं नाव ऑब्सिडियनच्या आतूनच बदला. फोनच्या फाइल मॅनेजरमधून बदललं तर लिंक दुरुस्त होतील यावर विसंबू नका.

मथळ्याचं नाव हे इथलं खरं नाजूक ठिकाण. मथळ्यावर जाऊन अक्षरं खोडून नवी लिहिली, तर त्याच्याकडे येणाऱ्या लिंक जुन्याच नावाला शोधत राहतात. त्याऐवजी मथळ्यावर उजवी क्लिक करा आणि ‘रीनेम धिस हेडिंग’ निवडा. मग सगळ्या लिंक सोबत बदलतात.

भाग एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये हलवायच्या आधी ‘बॅकलिंक्स’चं पॅनेल उघडा. या फाइलकडे कुठून कुठून लिंक येतात ते तिथे दिसतं. मजकूर हलवला की त्या यादीतल्या लिंक एकेक करून नव्या जागेकडे वळवा.

## कॉम्प्युटरवर दुसरा एडिटर असेल तर

व्हीएस कोड वापरणाऱ्यांसाठी मार्कडाउनची मूळ पद्धत आहे: चौकोनी कंसात दिसायचे शब्द, लगेच गोल कंसात फाइलचं नाव, हॅश आणि मथळा.

```
[२०२४ ची फवारणी](नाल्याकाठचं-वावर.एमडी#फवारणी-२०२४)
```

‘एमडी’ इंग्रजीत लिहा. मथळ्यातल्या मोकळ्या जागांच्या ठिकाणी आडवी रेघ येते आणि विरामचिन्हं गळतात. ते हातानं जुळवू नका. गोल कंसात हॅश टाकला की व्हीएस कोड मथळे सुचवतो, दोन हॅश टाकले की फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींचे सुचवतो. मथळ्यावर कर्सर ठेवून एफ-२ दाबलं आणि नाव बदललं, तर लिंकही बदलतात. सेटिंग्जमध्ये मार्कडाउनची तपासणी चालू केली की तुटलेल्या लिंकखाली रेघ येते. फाइलच्या नावात मोकळी जागा असली तर इथे अडचण होते, म्हणून वही दोन्हीकडे उघडायची असेल तर नावात आडवी रेघच वापरा.

ओळीच्या क्रमांकावर जायची सोयही व्हीएस कोडमध्ये आहे. कंट्रोल-पी दाबून फाइलचं नाव, कोलन आणि ओळीचा क्रमांक दिला की तिथे जाता येतं. फोनवर बोलताना ‘८२ वी ओळ बघ’ असं सांगायला ते बरं पडतं. नोंदीत लिहून ठेवायला मात्र नाही, कारण वर एक ओळ वाढली की ८२ वी ओळ दुसरीच झालेली असते.

ईमॅक्समधल्या ऑर्ग मोडमध्ये फाइलच्या नावानंतर दोन कोलन देऊन पुढे ओळीचा क्रमांक, तारांकित मथळा किंवा स्वतः दिलेली ओळख लिहिता येते. विममध्ये फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक लिहिलेल्या जागी लहान जी आणि मोठा एफ दाबला की तिथे पोचता. हे दोन्ही एडिटर आधीपासून वापरणाऱ्यांनीच त्या वाटेला जावं. फक्त या कामासाठी ते शिकायला बसू नये.

## वहीच्या बाहेरून लिंक

फोनच्या कॅलेंडरमध्ये किंवा आठवण करून देणाऱ्या अ‍ॅपमध्ये ‘सापळे तपासणे’ अशी नोंद असेल, तर तिच्यातूनही वहीतल्या जागेवर येता येतं. ऑब्सिडियनमध्ये फाइलच्या मेनूमधून ‘कॉपी ऑब्सिडियन यूआरएल’ घ्या. त्यात मराठी अक्षरांच्या जागी टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसेल. तसंच असतं, त्यात हात घालू नका. मथळ्यापर्यंत न्यायचं असेल तर शेवटी हॅशऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि इंग्रजी २३ लिहून पुढे मथळा जोडा.

ही लिंक फक्त त्याच फोनवर उघडते जिथे ‘शेती’ नावाची हीच वही आहे. शेजारच्या शेतकऱ्याला फवारणीचं प्रमाण कळवायचं असेल तर त्याला लिंक पाठवून उपयोग नाही. तो परिच्छेद कॉपी करून पाठवा, आणि सोबत माहितीपत्रकाची पीडीएफ जोडा.